चक्कीवरचे दोन इवाई

चक्की चालवणाऱ्याकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. आढ्यावर पीठ आणि कानात किस्से. पीठ मी अमावास्येला झाडून काढतो. किस्से झाडायची सोय नाही. ते साठतच जातात, आणि निवडणूक लागली की पोत्यानं येतात.

मी वाशीमकडच्या शिरपूरला बेचाळीस वर्षं चक्की चालवतो. शाळा चौथीपर्यंत झाली. माझ्या काट्यावर आजवर कोणी बोट ठेवलेलं नाही. माझ्याबद्दल एवढं पुरे.

चक्कीसमोर लाकडी बाकडं आहे. त्यावर दोन माणसं रोज बसत. पुंडलिक आणि संपत. दोघंही साठीच्या पुढचे, दोघंही शेतकरी, लहानपणापासूनचे दोस्त. पुढं संपतची रेखा पुंडलिकच्या मुलाला दिली आणि दोघं इवाई झाले. इवाई म्हणजे व्याही. लोकसभेची निवडणूक लागली आणि दोघांत बिनसलं. पुंडलिकला एक नेता पसंत, संपतला दुसरा. नावं मी लिहीत नाही. चक्कीत लोक 'पुंडलिकचा माणूस' आणि 'संपतचा माणूस' असंच म्हणत. दोन्ही माणसं दिल्लीची. दोघांपैकी एकाचंही दळण माझ्याकडे कधी आलेलं नाही.

त्यातच रेखा बाळंतपणाला माहेरी गेली. मुलगा झाला. पुंडलिकचा पहिला नातू. त्याच्या घरापासून चार गल्ल्यांवर. आणि हा माणूस सव्वा महिना नातवाचं तोंड न पाहता राहिला. आख्ख्या गावाला दिल्लीत कोण बसणार याची जेवढी काळजी नव्हती, तेवढी याची होती.

०

आधी शेठचा किस्सा, कारण तो आधी घडला.

समोर शेठचं किराणा दुकान आहे. शेठ सगळ्यांना हो म्हणतात. गिऱ्हाईक दोन्ही पक्षांत असतं.

चक्की चालू असली की कानाला तोंड लावून ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नाही. म्हणून आमच्याकडे खासगी बोलणं सगळ्यात मोठ्यानं होतं. त्या दिवशी शेठ डबा घेऊन आले. आधी पुंडलिकच्या कानाशी वाकून काहीतरी ओरडले. पुंडलिक खूश झाला. मग बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि संपतच्या कानाशी वाकले.

तेवढ्यात लाइट गेली. पट्टा थांबला.

शेठचं वाक्य मात्र थांबलं नाही. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आलं. "पुंडलिकरावले आपलं वाईट वाटू नये म्हणून तसं म्हणतो, पण येणार तर तुमचाच माणूस!"

पुंडलिक तीन फुटांवर बसला होता. तो म्हणाला, "शेठ, मंग आत्ता मले काय सांगून राह्यले होते?"

शेठनं वर बल्बकडे पाहिलं. म्हणाले, "लाइट गेली वाटते."

डबा तीन दिवस माझ्याकडे पडून होता. घ्यायला नोकर आला.

०

फोटोची गोष्ट अशी.

नातू झाला तेव्हा पुंडलिक खारका, खोबरं, गूळ सगळं घेऊन ठेवून बसला होता. दहाव्या दिवशी जायचं ठरलं. आदल्या दिवशी त्याला कळलं की संपतनं पुढच्या खोलीत पाळण्याच्या वर आपल्या माणसाचं कॅलेंडर लावलं आहे. बारा पानं खाली, आणि वर हातभर फोटो.

पुंडलिक तसाच चक्कीवर आला. संपत बाकड्यावर होता. दळण टाकायला आलेली आठ माणसं होती.

"ते कॅलेंडर काढ," पुंडलिक म्हणाला.

"काहून?"

"माहा नातू डोळे उघडते तर पहिले तो माणूस दिसते त्याले."

"चांगलं हाय. चांगला माणूस पाहून दिवस चांगला जाते."

पुंडलिक उभा राहिला. "मंग ऐक. त्या फोटोखाली मी चहा पेणार नाही. जवा फोटो निघन तवा तुह्या घराची पायरी चढीन."

संपतनं विचार केला. विचार करून म्हणाला, "कॅलेंडर हाय ते. एकतीस डिसेंबरले निघन."

आठ माणसं दळण घेऊन आपापल्या घरी गेली. म्हणजे संध्याकाळपर्यंत शब्द मागं घ्यायची सोय उरली नाही. डिसेंबरला अजून नऊ महिने होते. मी हिशेब केला. तोपर्यंत पोरगं चालायला लागणार होतं.

बारशाचंही तेच झालं. रेखानं माहेरात सांगून टाकलं, "मामाजी आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही." मामाजी म्हणजे सासरा, पुंडलिक. संपत चिडला, पण पोरीपुढं बोलला नाही. त्यामुळं पोराला नाव नव्हतं. दवाखान्याच्या कार्डावर 'रेखाचे बाळ' एवढंच होतं. रेखाचा नवरा पुण्याला कंपनीत. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "बाबा, तुमचं तुमी पाहा," आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला.

०

दळणाचा एक नियम बाहेरच्या लोकांना माहीत नसतो. आधीच्या माणसाचं मूठभर पीठ जात्यात अडकून राहतं. ते पुढच्या माणसाच्या डब्यात उतरतं. पुढच्याचं त्याच्या पुढच्याच्या. म्हणून मी गव्हामागं गहू, ज्वारीमागं ज्वारी घालतो. हरभऱ्याची डाळ सगळ्यात शेवटी. मूठभर इकडं-तिकडं होणारच, त्याबद्दल आजवर कोणी तक्रार केली नव्हती.

फोटोच्या भांडणानंतर संपत गहू घेऊन आला. नंबर पुंडलिकच्या मागं लागला.

संपत म्हणाला, "महादेव, याच्यामागं माहं घालू नको."

"काहून?"

"त्याच्या पक्षाचं पीठ माह्या डब्यात येते."

मी म्हटलं, "चाळीस वर्षं तुमी एकमेकाईचं पीठ खाऊन राह्यले. आता ओकून काढता का?"

"मधात कोणाचं तरी घाल."

मधात घालायला कोणी नव्हतं. शेठचा डबा होता, पण शेठ कोणत्या पक्षाचे हे दोघांनाही नक्की सांगता येईना. मी म्हटलं, माझ्या चक्कीवर दाणा पाहून नंबर लागतो, माणूस पाहून लागत नाही. पटत नसेल तर दुसरी चक्की पाहा.

संपतनं डबा उचलला. दुसऱ्या दिवशी एस.टी.नं मालेगाव, तिथून बस बदलून किन्हीराजा. तिथली एक चक्की त्याच्या ऐकण्यात होती. दहा किलो गव्हासाठी दिवस गेला.

त्याला माहीत नव्हतं, पण ती चक्की माझ्या साडूची आहे. संध्याकाळी साडूचा फोन आला. म्हणाला, "तुमच्या गावचा एक जण आलता. कोणाशी बोलला नाही, चालला नाही, पीठ घेऊन गेला."

मी विचारलं, "त्याच्या आधी कोणाचं होतं?"

साडूनं नाव सांगितलं. तो माणूस पुंडलिकच्या पक्षाचा तालुक्याचा पुढारी होता.

मी संपतला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

०

निवडणुकीची आचारसंहिता होती म्हणून बसस्टँडवरचे सगळे बोर्ड झाकले. कोनशिलेवरच्या नावांना कागद चिकटवले. पाण्याच्या टँकरवर कोणाचा तरी फोटो होता, त्याला चिखल फासला. पुंडलिक हे सगळं बाकड्यावरून पाहत होता.

ग्रामसेवक आमच्या गावातच भाड्यानं राहतात. ज्वारी घेऊन आले. पुंडलिकनं त्यांना बाकड्यावर जागा करून दिली.

"साहेब, फोटो झाकायचा कायदा घरातल्या कॅलेंडरले लागू होते का?"

"घर खासगी आहे. लागू होत नाही."

"अर्ज देला तर?"

"कशाचा अर्ज?"

"माह्या नातवावर प्रचार चालू हाय. चोवीस तास. पाळण्याच्या वर फोटो हाय."

ग्रामसेवक शांत माणूस. त्यांनी विचारलं, "नातू किती वर्षांचा?"

"एकोणीस दिवसाचा."

"मग तो मतदार नाही."

"अठरा वर्षानं होईन ना?"

"तोपर्यंत आचारसंहिता उठेल," ग्रामसेवक म्हणाले आणि डबा काट्यावर ठेवला.

०

पुंडलिकची बायको कमलाबाई. पुंडलिकसारखा तिनं काही कोणाला शब्द दिलेला नव्हता. ती रोज दोन्ही वेळा नातवाला पाहायला जाई. तेल लावी, शेक देई, घरी येई आणि काही सांगत नसे. पुंडलिकनं विचारलं तर म्हणे, "जाऊन पाहून या. चार गल्ल्या तर हायेत."

एकदा मात्र तिला दया आली. तिनं सुनेच्या फोनवरून पोराचा फोटो मागवला आणि पुंडलिकच्या मोबाइलवर आणून दिला. पुंडलिक तो पाहायला घरी थांबला नाही. चक्कीवर घेऊन आला. मला म्हणाला, "चश्मा आणला नाही. तू पाहून सांग."

चश्मा त्याच्या खिशात होता. मी खिशाकडे पाहिलं. त्यानं तो काढला आणि लावला.

फोटो चांगला होता. पाळण्यात पोरगं, कपाळाला तीट, एक मूठ बाहेर. आणि वर भिंतीवर संपतच्या माणसाचं अर्धं तोंड आलं होतं.

पुंडलिकनं फोटोचा वरचा भाग अंगठ्यानं झाकला. मग निवांत पाहायला लागला. बराच वेळ पाहिलं. मग पोराचं नाक जवळून पाहावं म्हणून दुसरं बोट लावलं, आणि काय झालं कोणास ठाऊक, फोटो सरकून मोठा झाला. पोरगं गेलं. आख्ख्या मोबाइलभर संपतचा माणूस हसत होता.

पुंडलिकनं फोन माझ्याकडे दिला. "लहान कर याले."

मला लहान करता येत नाही. मी सांगितलं.

"मंग शेठले बोलाव."

शेठ आले. त्यांनी फोन हातात घेतला, पाहिलं आणि पुंडलिकला म्हणाले, "अरे वा. बदलले का तुमी?"

०

आता उसणीचं सांगतो.

एका दुपारी वाद कुठून सुरू झाला आठवत नाही. दोघं बाकड्याच्या दोन टोकांना बसत, मध्ये जागा सोडून. थेट बोलत नसत. माझ्याकडे पाहून एकमेकांना बोलत.

"महादेव, याच्या माणसानं जन्मात पोतं उचललं का, विचार."

"महादेव, याच्या माणसानं उचललं का, ते विचार पहिले."

"माहा माणूस एका झटक्यात उचलन," संपत म्हणाला.

"दाखव म्हणा."

माणूस दिल्लीत होता. म्हणून संपतनं त्याच्या वतीनं उचललं. गव्हाचं पोतं, पन्नास किलोचं. छातीपर्यंत आणलं. तिथून त्याला वरही नेता येईना आणि खालीही ठेवता येईना. मी आणि पुंडलिकनं मिळून पोतं काढून घेतलं. संपत तसाच वाकलेला राहिला. वाकूनच घरी गेला.

उसण भरली होती. दवाखान्यातून गोळ्या आणल्या. फरक नाही. आमच्याकडे उसणीवर खरा इलाज एकच. जो माणूस जन्मताना पायाकडून आला, त्या पायाळू माणसानं पाठीला लाथ लावायची. तीन दिवस, सकाळी. गावात असा नावाजलेला पायाळू एकच. पुंडलिक. वाशीमपासून लोक त्याच्याकडे येतात.

संपतनं दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी त्याच्या पुतण्यानं येऊन मला विचारलं, "काका, पुंडलिकबाबा येतीन का?"

पुंडलिक म्हणाला, "त्याच्या घरी येणार नाही. लाथ मारायले मी कोणाले नाही म्हणत नाही."

मग चक्कीवर ठरलं. सकाळी मी रिकामी पोती अंथरली. संपत पालथा झोपला. पुंडलिकनं चप्पल काढली, पाय धुतला आणि संपतच्या कमरेला लावला.

दुसऱ्या दिवशी पाय लावता लावता पुंडलिकनं विचारलं, "पोरगं रात्री रडते का?"

संपतचं तोंड पोत्यात होतं. "भूक लागली की रडते."

"उचकी लागते का?"

"लागते कवा कवा."

"पाणी नका देऊ."

"नाही देत."

तिसऱ्या दिवशी संपत जवळजवळ सरळ चालत आला. लाथ खायला पंधरा-वीस माणसांसमोर झोपला. पुंडलिकनं पाय ठेवला.

"कसं वाटते?"

"बरं वाटते."

"मंग माह्या माणसाले मत देशीन का?"

संपत पोत्यातूनच म्हणाला, "लाथ मार. प्रचार करू नको."

०

मतदानाच्या दिवशी दोघंही पहाटेच आंघोळी करून आपापल्या पक्षाच्या टेबलावर बसले. मतदान शाळेत होतं; टेबलं शाळेपासून लांब, माझ्या चक्कीजवळ, रस्त्याच्या दोन बाजूंना. दिवसभर ऊन मी म्हणत होतं. दोघांनी माणसं घरून बोलावून आणली, याद्या पाहून चिठ्ठ्या दिल्या. म्हाताऱ्यांना ऑटोतून आणलं. पुंडलिकनं तर एका माणसाला हजामतीच्या खुर्चीतून उठवून आणलं, अर्धी दाढी ठेवून. स्वतःचं मत दोघांनीही शेवटावर ठेवलं होतं. आधी लोकांचं, मग आपलं.

साडेचारला रेखा आली. सव्वा महिना नुकताच उलटला होता, घराबाहेर पडायचा तिचा पहिला दिवस. डोक्यावर छत्री, काखेत पोरगं. पोराला घरी आईजवळ ठेवता आलं असतं. तिनं आणलं.

बापाच्या टेबलाकडे गेली नाही. सरळ पुंडलिकच्या टेबलासमोर उभी राहिली.

"मामाजी, याले धरा. पोरगं आत नेऊ देत नाहीत म्हणते."

तिच्या पुढं चाललेल्या बाईच्या कडेवर दोन वर्षांचं पोरगं होतं. ती बाई त्याच्यासकट शाळेत गेली.

पुंडलिकनं रेखाकडे पाहिलं. मग पोराकडे. मग दोन्ही हात पुढं केले. गळ्यातला पक्षाचा दुपट्टा काढून टेबलावर टाकला, कारण तो खरखरीत होता. टेबलावर ऊन होतं, म्हणून पोराला घेऊन शाळेच्या आवारात गेला आणि लिंबाखाली बसला.

संपत दुसऱ्या टेबलावरून पाहत होता. पाच मिनिटं त्यानं दम काढला. मग तोही आवारात गेला. जाताना माझ्यासमोर म्हणाला, "याले पोराची मान धरता येत नाही. पाहून येतो."

मी पाचला चक्की बंद केली, आंघोळ केली आणि मत द्यायला गेलो. देऊन बाहेर आलो तेव्हा रेखाचं मत कधीच झालं होतं. ती हापशाजवळच्या ओट्यावर पदरानं वारा घेत बसली होती. लिंबाखाली पुंडलिक मांडी घालून बसलेला. मांडीवर पोरगं झोपलेलं. शेजारी संपत उपरण्यानं माशा हाकत होता. दोघांचं भांडण चाललं होतं, पण कुजबुजून.

"चार किलो हाय," पुंडलिक म्हणत होता.

"साडेचार हाय. मी रोज उचलतो."

"चार. मी पोतं हातानं तोलतो, काटा नाही लागत मले."

"पोतं येगळं."

मी विचारलं, "मत झालं का?"

पुंडलिकनं वर न पाहता सांगितलं, "उठला की जातो. आत्ताच डोळा लागला त्याचा."

"आणि तू?" मी संपतला विचारलं.

"हा गेला की पोरगं कोण धरन? हा येईन, मंग मी जाईन."

घड्याळात साडेपाच झाले होते. मी म्हटलं, "आणा माह्याकडे. दोघंही जाऊन या."

दोघंही एकदम म्हणाले, "तुहे हात पिठाचे हायेत."

मी आंघोळ करून आलो होतो. तरी हात मागं घेतले. बाजूला उभा राहिलो.

दोन्ही पक्षांची माणसं एक एक करून येऊन गेली. "बाबा, चला, टाइम होऊन राह्यला." पुंडलिक मान हलवी. "बाबा, एक एक मत महत्त्वाचं हाय." संपत मान हलवी. पोरानं एकदा झोपेत तोंड वाकडं केलं. दोघंही श्वास रोखून बसले. पोरगं पुन्हा झोपलं. पुंडलिकचा पाय अवघडला होता, हे मला दिसत होतं. त्यानं तो हलवला नाही.

सहाला रांग संपली. पोलीस शिपाई व्हरांड्यातून उतरून गेटकडे आला. साखळी हातात घेतली आणि आवारात पाहून मोठ्यानं ओरडला, "राह्यलं का कोणी मत द्यायचं? गेट बंद करून राह्यलो!"

पुंडलिकनं मांडीवरचं पोरगं अजून जवळ घेतलं.

संपतनं हात वर केला आणि शिपायाला म्हणाला, "साहेब, हळू बोला जरा."